आधी दोराचा हिशेब, मग झावळ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय: समुद्रात आणि गोड्या पाण्यात मासे जमवणारी साधने

महोदय,

पाण्यात काहीतरी तरंगत ठेवले की त्याखाली मासा थांबतो, हे ज्ञान फार जुने आहे. फिलिपिन्समध्ये बांबूच्या तराफ्याला ‘पायाओ’ म्हणतात, इंडोनेशियात ‘रुम्पोन’. भूमध्य समुद्रातल्या माल्टात मच्छिमार माडवर्गीय झाडांची पाने बांधलेले तराफे दगडाने नांगरून ठेवतात. आपल्याकडे २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत कृत्रिम भित्तिकांसाठी (माशांना आडोसा म्हणून तळावर ठेवलेल्या रचनांसाठी) पैसा ठेवला गेला. तेव्हापासून मच्छिमार सोसायट्यांच्या बैठकांतही ‘आपणही काहीतरी टाकू या’ असा सूर ऐकू येतो. टाकायला हरकत नाही. फक्त दोन गोष्टी आधी ठरल्या पाहिजेत. साधन जागेवर कशाच्या जोरावर राहणार, ही पहिली. जमलेला मासा कोण, कशाने आणि किती काढणार, ही दुसरी. बहुतेक ठिकाणी खर्च होतो तो वर दिसणाऱ्या बोयांवर (तरंगत्या गोळ्यांवर) आणि झावळ्यांवर. साधन हातचे जाते ते मात्र खालच्या दोरामुळे, आणि गावात भांडण पेटते ते काढणीवरून.

मासा तिथे का येतो हे समजले तर निम्म्या चुका टळतात. मोकळ्या पाण्यात लहान माशाला आडोसा नसतो. सावली, लोंबणारी पाने, दोरावर चढलेले शेवाळ आणि त्यातले बारीक जीव त्याला धरून ठेवतात. लहान मासा थांबला की त्याच्यामागे कुपा, गेदर, सुरमई, सकला असे शिकारी येतात. काही माशांना तरंगती वस्तू म्हणजे मोकळ्या समुद्रातली ओळखीची खूण वाटते. खाण्यासाठी दूर जाऊन ते पुन्हा तिथेच परततात. म्हणून साधन टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी जाळे मारणे म्हणजे रोप लावून लगेच उपटून पाहणे. बारके मासे काही दिवसांत येतात, मोठे यायला काही आठवडे लागतात. आणि हे साधन इकडेतिकडे विखुरलेला मासा एका जागी आणते, नवा मासा निर्माण करत नाही. तळावरची भित्तिका त्यापेक्षा वेगळी, कारण तिच्या कपारींत तांबोशी, हेकरू यांना वस्ती करता येते. तरंगत्या साधनाबाबत मात्र हा भेद विसरला की गावाच्या वाट्याचा मासा एका हंगामात संपतो.

जागेचा विचार करताना महाराष्ट्राचा किनारा नीट पाहावा लागतो. मुंबईसमोर उथळ समुद्र शेकडो किलोमीटर बाहेर पसरलेला आहे, दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. प्रशांत महासागरातल्या बेटांजवळ काही मैलांतच हजार मीटर खोली मिळते, म्हणून तिथली खोल पाण्यातली साधने छोट्या होड्यांच्या आवाक्यात असतात. तो नमुना जसाच्या तसा आपल्याकडे आणण्यात अर्थ नाही. कोकणातल्या छोट्या फायबर होडीसाठी १२ ते २० वाव (एक वाव म्हणजे सुमारे १.८ मीटर) पाणी हा व्यवहार्य पट्टा आहे. तळ सपाट असावा, चिखलमिश्रित वाळू उत्तम. खडकावर वजन घसरते आणि कपारीत दोर कापला जातो. डोलीच्या कवी (पिशवीसारखी डोल जाळी लावण्याच्या ठरलेल्या जागा), जाळे ओढत नेणाऱ्या ट्रॉलरचे नेहमीचे पट्टे आणि बंदराची जलवाट सोडून जागा घ्यावी. मत्स्यव्यवसाय विभाग आणि महाराष्ट्र सागरी मंडळ या दोघांना जागेचे अक्षांश-रेखांश लेखी कळवूनच पुढे जावे.

आता हिशेब. समजा १५ वाव पाणी आहे, म्हणजे सुमारे २७ मीटर, आणि उधाणाच्या भरतीला ते ३० मीटर होते. दोर मोजायचा तो या ३० मीटरवर. साधारण सव्वा ते दीडपट लांबी लागते, इथे ४० मीटर धरू. दोर १६ मिलिमीटर जाडीचा पॉलिप्रोपिलीनचा. हा दोर पाण्यावर तरंगतो. म्हणूनच तळाशी तो घासत नाही, पण ओहोटीला पाणी थांबले की त्याचा सैल फुगारा वर येतो आणि पंख्यात सापडतो. त्यावर उपाय साधा आहे: वरून १३ मीटरवर ३ किलोचे लोखंडी वजन पक्के बांधायचे. २७ मीटर पाण्यातही मग दोराचा सगळ्यात वरचा वळसा साडेसहा मीटर खालीच राहतो. खोल पाण्यात हेच काम वेगळ्या तऱ्हेने होते. तिथे वरचा भाग नायलॉनचा घेतात, कारण नायलॉन बुडतो, आणि खालचा पॉलिप्रोपिलीनचा.

वर एकच मोठा पिंप नको. ट्रॉल जाळ्याला लावतात ते २० सेंटिमीटर व्यासाचे कडक प्लॅस्टिकचे बोये माळेसारखे ओवावेत. एका बोयाची उचल सुमारे ३ किलो, म्हणजे २० बोयांची ६० किलो. प्रवाह जोराचा झाला की माळ एका टोकाकडून हळूहळू पाण्याखाली जाते आणि दोराला हिसका बसत नाही. पिंप मात्र प्रवाहाशी झगडत राहतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, हे गणित लक्षात ठेवावे. थर्माकोल वापरूच नये, त्याचा चुरा होऊन तो माशांच्या पोटात जातो. तेलाचे रिकामे कॅन पृष्ठभागावर टिकतात, पण प्रवाहाने १० मीटर खाली खेचले तर तिथे दाब दुप्पट होतो आणि ते चेपतात. एकदा चेपलेला कॅन पुन्हा वर येत नाही, आणि ‘साधन चोरीला गेले’ असे सगळ्यांना वाटते.

खालच्या वजनात सर्वांत जास्त फसगत होते. ३०० किलो काँक्रीट जमिनीवर ३०० किलो असते, खाऱ्या पाण्यात ते जेमतेम १७० किलो भरते. काळा दगड थोडा बरा. लोखंड आपल्या वजनाचा आठवा हिस्साच गमावते. पाण्यातले वजन बोयांच्या एकूण उचलीच्या अडीचपट तरी असावे. ६० किलोला १५० किलो हवे, म्हणजे १७० किलो पुरेसे झाले. ३५ सेंटिमीटर बाजूचा काँक्रीटचा ठोकळा साधारण १०० किलोचा होतो. असे तीन ठोकळे साखळीने जोडले तर होडीतून उतरवायला सोपे पडतात. ठोकळा आणि दोर यांच्यामध्ये ३-४ मीटर जाड साखळी हवीच, नाहीतर ठोकळ्याजवळचा दोर लवकरच घासून जातो.

जोडणीत गाठ मारू नये. गाठीपाशी दोराची ताकद जवळपास निम्मी होते. दोराचे पीळ सोडून ते गुंफावेत आणि टोकाच्या डोळ्यात थिंबल (दोर झिजू न देणारी धातूची खोबण) बसवावे. बोयांच्या खाली स्विव्हल (गोल फिरणारी कडी) द्यावा, नाहीतर भरती-ओहोटीच्या फिरण्याने दोराला पीळ बसून गुंडे पडतात. शॅकलची (साखळी-दोर जोडणाऱ्या खीळ असलेल्या कडीची) खीळ तारेने बांधून टाकावी, लाटांच्या हालचालीने ती सुटते. आणि सगळे लोखंड एकाच जातीचे असावे. जस्त चढवलेल्या शॅकलला स्टेनलेस स्टीलची खीळ घातली की खाऱ्या पाण्यात जस्ताचा भाग झपाट्याने खाल्ला जातो. साधन तुटल्यावर ‘दोर कोणी कापला’ असा संशय येतो, तेव्हा दोराचे टोक पाहावे. सुरीने कापलेले टोक सपाट असते, घासून तुटलेले पिंजलेले. दोर शाबूत आणि शॅकल गायब असेल तर दोष आपल्याच जोडणीचा.

झावळ्या मुख्य दोराला बांधू नयेत. बोयांपासून वेगळी १० मीटरची दोरी सोडावी, तिच्या टोकाला छोटे वजन द्यावे आणि २ मीटर खोलीपासून खाली १०-१२ झावळ्या देठाकडून आवळून बांधाव्यात, पानांची टोके मोकळी. झावळ्या काही आठवड्यांत झडतात, मग तेवढीच दोरी वर घेऊन बदलता येते. काथ्याचे झुपकेही चालतात आणि जास्त टिकतात. जुने जाळे मात्र लोंबते सोडू नये. हिंदी महासागरात टुना जहाजांच्या तरंगत्या साधनांखाली लोंबणाऱ्या जाळ्यांत मुशी आणि कासवे अडकून मरत, म्हणून हिंदी महासागर टुना आयोगाने न अडकणारी रचना सक्तीची केली. आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, तेव्हा हा नियम आपल्यालाही तितकाच लागू आहे.

टाकताना बोये आधी सोडावेत, प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने होडी नेत दोर सोडत जावा आणि वजन सर्वांत शेवटी. दोर होडीत इंग्रजी आठच्या आकारात पसरलेला हवा. वजन सुटताना दोराच्या वळशात कोणाचा पाय असता कामा नये, एका हाती धारदार सुरी तयार हवी, आणि तिन्ही ठोकळे एका बाजूला ठेवून होडी कलती करू नये. या कामात माणूस जातो तो इथेच. साधनावर दोन-तीन मीटर उंच काठी, झेंडा, चमकपट्टी, रात्रीचा दिवा आणि संस्थेचा क्रमांक असावा. शेजारचे दुसरे साधन किमान एक सागरी मैल दूर ठेवावे, नाहीतर तोच मासा दोन ठिकाणी विभागतो.

गळाने मासेमारी करताना आधी प्रवाहाच्या वरच्या अंगाला जावे, शिकारी मासा बहुधा तिथे असतो. पहाट आणि संध्याकाळ या वेळा उत्तम. पहिले फेरे ५०-१०० मीटर दूरून मारावेत आणि मग जवळ यावे. थेट बोयांवर होडी नेली तर मासा खाली बसतो. होडी साधनाला बांधू नये, वजनाचा सगळा हिशेब एका होडीच्या ओढीने कोलमडतो. याच कारणासाठी खोल समुद्रातल्या हवामान-बोयांना कोणीही हात लावू नये. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या या बोयांखाली मासा जमतो हे खरे आहे, पण होडी बांधल्याने किंवा गळ अडकल्याने यंत्र बंद पडले तर वादळाची माहिती देणारा डोळाच मिटतो. निसर्ग आणि तौक्ते ही वादळे पाहिलेल्या किनाऱ्याला यापेक्षा जास्त सांगायला नको.

मे महिन्याच्या मध्याला बोये, झावळ्या आणि दोराचा वरचा भाग काढून घ्यावा. खालच्या दोराला दाब सोसणारे दोन-तीन बोये लावून तो पाण्याखाली उभा ठेवावा आणि जागेची नोंद ठेवावी. पावसाळ्यातल्या समुद्रात वरचे साधन टिकत नाही. टिकलेच तर ते कोणाच्या तरी जाळ्यात जाते.

काढणीचा नियम लेखी हवा. माल्टात प्रत्येक मच्छिमाराला चिठ्ठी टाकून समुद्रातला पट्टा दिला जातो, आणि तिथल्या माही-माही माशासाठी साधनांवरची मासेमारी १ जानेवारी ते १४ ऑगस्ट बंद असते. आपल्याकडे सोसायटीने एवढे तरी ठरवावे: साधनाभोवती फक्त गळ चालेल, पर्ससीनसारखी वेढणारी जाळी नाही. आठवड्यातले दोन दिवस पूर्ण विश्रांती. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला आहे, त्याखालचा मासा परत सोडावा. साधनाखाली पिल्ले जास्त जमतात, म्हणून इथे हा नियम सर्वांत आधी मोडला जातो. दिव्यांचा मोह तर पूर्ण टाळावा. एलईडी दिव्यांनी मासे जमवून पकडण्यास केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने बंदी घातली आहे. प्रखर उजेडात पिल्लांसकट सगळे वर येते आणि शेजारच्या पारंपरिक होडीला काहीच उरत नाही. बंदीमागचे हे कारण छोट्या मच्छिमाराच्याच हिताचे आहे.

माकूल (भुजा असलेला मऊ अंगाचा समुद्री जीव) जमवण्याच्या साधनांबद्दल वेगळे लिहावे लागते. कर्नाटक आणि उत्तर केरळच्या किनाऱ्यावर नारळाच्या वाळक्या पोयींचे (फुलोऱ्यांचे) जुडगे वाळूच्या पिशव्यांनी तळाशी सोडतात. माकूल तिथे येतो तो अंडी घालण्यासाठी. म्हणजे पकडली जाते ती अंडी घालायला आलेली मादी, आणि जुडग्याला चिकटलेली अंडीही वाया जातात. शिवाय प्लॅस्टिकच्या पिशव्या तळावर साचतात आणि ट्रॉलरच्या जाळ्यांत अडकतात. तिथल्या भांडणांचे मूळ यात आहे. ही पद्धत सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आणण्याआधी दहादा विचार व्हावा. टायरच्या भित्तिकांबाबतही तसेच. अमेरिकेतल्या फ्लोरिडाजवळ १९७० च्या दशकात सुमारे २० लाख टायर समुद्रात टाकले. बांधणी गंजून तुटली, सुटे टायर लाटांबरोबर जवळच्या नैसर्गिक प्रवाळावर आपटत राहिले आणि आता ते काढण्याचे काम चालू आहे. खाडीत साधन करायचे तर कांदळवनाची एकही फांदी तोडू नये. तो गुन्हा आहे, आणि जिताडा, चिंबोरी, काळुंदर यांना कांदळाच्या मुळांइतका चांगला आडोसा आपण बांधू शकत नाही.

गोड्या पाण्यात गणित बदलते. इथे वैरी प्रवाह नाही, उतरणारी पातळी आहे. धरण सप्टेंबर-ऑक्टोबरला भरलेले असते, मेपर्यंत काही मीटर खाली जाते. काठाजवळ टाकलेला फांद्यांचा ढीग फेब्रुवारीत उघडा पडतो. म्हणून काम उन्हाळ्यातच करावे, पाणी हटलेल्या कोरड्या तळावर. होडी लागत नाही, माप घेता येते. तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर तीन रांगा कराव्यात, म्हणजे वर्षभर कोणत्या ना कोणत्या रांगेवर २ ते ५ मीटर पाणी राहते. पाटबंधारे विभागाकडे पातळीच्या रोजच्या नोंदी असतात, मागच्या काही वर्षांच्या नोंदी पाहून रांगा आखाव्यात. फार खोल जाऊ नये, उन्हाळ्यात खोल धरणाच्या तळच्या थरात प्राणवायू उरत नाही आणि मासा तिथे फिरकत नाही. गाळ आणणाऱ्या ओढ्याचे तोंड, सांडवा आणि कालव्याचे दार यांपासून दूर राहावे.

वेड्या बाभळीच्या २-३ मीटर लांब फांद्या यासाठी उत्तम. स्वस्त आहेत, लवकर कुजत नाहीत, आणि तोडल्याने गावाचा फायदाच होतो. पण पाला झडू द्यावा. हिरवा पाला पाण्यात कुजला की छोट्या तळ्यातला प्राणवायू खातो. २० किलोच्या जुडग्याच्या बुडख्याला १५-२० किलोचा दगड बांधावा, म्हणजे ते उभे राहते आणि बारीक शेंडे वर येतात. बांबू वापरला तर प्रत्येक पेराला भोक पाडावे. नाहीतर आतली हवा तो उचलून धरते आणि पहिल्या पुरात रांग वाहून जाते. एकूण साधने पाण्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त जागेत पसरू नयेत, जाळे ओढायला मोकळा पट्टा लागतो.

कोणता मासा हवा तेही पाहावे. रोहू बांबूवरचा शेवाळाचा थर खरडून खातो, म्हणून उभ्या बांबूंवर तो हमखास येतो. कटला वरच्या थरातले प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) गाळून खातो, त्याला बांबूचे विशेष आकर्षण नाही. मृगळ तळाशी. चिलापी आणि उजनी धरणात शिरलेला सकर मासा यांनाही आडोसा आवडतो, हे विसरू नये. मरळ तर आडोशात दबा धरून बीज खातो, म्हणून बोटुकली (बोटाएवढी वाढलेली पिल्ले) सोडायची जागा फांद्यांपासून लांब ठेवावी आणि बोटुकली १०० मिलिमीटरची झाल्यावरच सोडावी. पूर्व विदर्भातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत मुळात देशी पाणवनस्पती होत्या. त्या परत लावता आल्या तर बांबूची गरजच कमी होते.

चाऱ्याने मासा जमवायचा तर शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समान घेऊन रात्रभर भिजवावा. बारीक भोके पाडलेल्या गोणीत भरून ती बांबूला पाण्यात टांगावी, रोज त्याच जागी, त्याच वेळी. आठ-दहा दिवसांत मासा वेळ ओळखतो. दोन-तीन तासांनी गोणी तपासावी. चारा उरला असेल तर दुसऱ्या दिवशी कमी करावा, ढगाळ हवेत बंदच ठेवावा. आणि पहाटे मासा पाण्यावर येऊन तोंड उघडमिट करताना दिसला, तर तो चाऱ्याला जमलेला नाही, गुदमरलेला आहे. त्या दिवशी चारा थांबवून ताजे पाणी सोडावे.

समुद्र असो की तलाव, प्रत्येक साधनाची एक वही असावी: टाकल्याची तारीख, खोली, दोराची लांबी, बदललेली शॅकल, आणि प्रत्येक फेरीत कोणता मासा किती आणि केवढा मिळाला. सरासरी आकार लागोपाठ घटू लागला की त्या जागेला एक हंगाम विश्रांती द्यावी. अनुदान देणाऱ्या खात्याने ही वही आणि सुटे दोर-शॅकल यांचा खर्च अंदाजपत्रकातच धरावा, अशी विनंती आहे. सध्या अनेकदा पैसे उभारणीपुरतेच मिळतात, आणि पहिली शॅकल बदलायची वेळ येते तेव्हा खात्यात काही शिल्लक नसते.

आपला,
मत्स्यव्यवसायाशी संबंधित एक वाचक
रत्नागिरी